इंग्लंडमध्ये आमचं १९३०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर आहे. माळ्यावर डॉर्मर (छपरातून बाहेर काढलेला, उभ्या खिडकीचा भाग) काढून बेडरूम करायची तर सुरुवात कुठून करू?

टेप घेऊन माळ्यावर चढा. तुळईच्या माथ्यापासून आढ्यापर्यंत 2.2 मीटरच्या आसपास भरलं तरच पुढचं बोला, कारण जमिनीच्या नव्या तुळया आणि छपराचं इन्सुलेशन दोन्हीकडून उंची खातात.

मागच्या पाख्यावरच्या डॉर्मरला सहसा प्लॅनिंग परवानगी लागत नाही. सेमीला 50 घनमीटरची मर्यादा आहे, पण छपराची आधीची वाढही त्यातच धरतात. वळचणीपासून 20 सेंटिमीटर मागे राहायचं. कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जतनासाठी राखलेल्या परिसरात, असाल तर ही सवलत विसरा. लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, म्हणजे बांधकामाला प्लॅनिंग परवानगी लागत नव्हती असा कौन्सिलचा दाखला, सक्तीचं नाही, तरी काढाच. घर विकताना समोरचा वकील तेच मागतो. बिल्डिंग रेग्युलेशन्सची (बांधकामाच्या सुरक्षिततेच्या नियमांची) मंजुरी मात्र कुणालाच चुकत नाही.

घोडं अडतं ते जिन्यात. नवा जिना बहुतेक जुन्याच्याच वर येतो, आणि तुमच्या काळातल्या घरांत नेमकं तिथेच बाजूचं पाखं उतरत येतं. डोक्यावर 2 मीटर हवेत; माळ्यासाठी जिन्याच्या रुंदीच्या मध्यावर 1.9 चालतात. त्यासाठी ते पाखं काढून भिंत सरळ वर न्यावी लागते, आणि तेही त्याच 50 घनमीटरांत मोजतात! म्हणून आर्किटेक्टला खिडक्यांआधी जिना काढायला सांगा. दुमजली घराला तिसरा मजला आला की जिन्यावर उघडणारे दरवाजेही सहसा अग्निरोधक करावे लागतात. तो खर्च कोटेशनमध्ये आहे का, बघा.

सामाईक भिंतीत बीम टेकणार असेल तर शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्या. त्याआधी चहाला बोलवा.