जुन्या सहकाऱ्यांना पुन्हा कसे गाठावे?

प्रश्न : काही वर्षांपूर्वी मी नोकरीनिमित्त परदेशातील एका शहरात राहत होतो. परतल्यानंतर तेथील सहकाऱ्यांशी पत्रव्यवहार हळूहळू थांबला आणि आता लिंक्डइनवर अधूनमधून अभिनंदन करण्यापुरतीच ओळख उरली आहे. लवकरच एका परिषदेसाठी आठवडाभर त्याच शहरात जाण्याचा योग आहे. मध्यंतरी मी नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार म्हणून काम सुरू केले असल्याने जुन्या ओळखींतून काही काम मिळाले तर हवेच आहे. पण इतकी वर्षे गप्प राहून आता अचानक लिहिले, तर ‘काम पडले म्हणून आठवण झाली’ असे त्यांना वाटेल, असा संकोच होतो. कोणाला, कधी आणि काय लिहावे?

उत्तर : आपला संकोच समजण्याजोगा आहे, पण त्याला वाटतो तेवढा आधार नाही. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, आपण विचारपूस केली तर समोरच्याला किती बरे वाटेल याचा अंदाज माणसे सहसा कमीच बांधतात; आणि संपर्क जितका अनपेक्षित, तितके त्याचे अप्रूप अधिक. त्याआधी 2011 मध्ये डॅनियल लेविन, होर्हे वॉल्टर आणि कीथ मर्निघन यांनी अनुभवी अधिकाऱ्यांना निदान तीन वर्षे संपर्क नसलेल्या परिचितांकडे हातातील कामाविषयी सल्ला मागायला लावला होता. तो सल्ला रोजच्या सहकाऱ्यांच्या सल्ल्यापेक्षा अधिक नवा आणि कमी वेळात मिळालेला ठरला. कारण उघड आहे : मधल्या काळात ती माणसे वेगळ्या कामांत आणि वेगळ्या वर्तुळांत वावरलेली असतात, मात्र एकत्र काम करताना जमलेला विश्वास नव्याने कमवावा लागत नाही.

परिषद सांभाळून आठवड्यात चार-पाच भेटींहून अधिक काही नीट होत नाही, त्यामुळे निवड करावीच लागेल. सर्वांत मोठ्या पदावरच्या माणसापासून सुरुवात करण्याचा मोह होतो. मी मात्र ज्यांच्याबरोबर आपण प्रत्यक्ष एखादे अवघड काम तडीस नेले, त्यांना आधी लिहीन. एखादे वरिष्ठ निवृत्त झाले असतील तर त्यांना वगळू नये, कारण कोण कोठे आहे याची खबर बहुधा त्यांच्याकडेच असते आणि बोलायला सवडही.

प्रवासाच्या तीन-चार आठवडे आधी प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहावे. एकच मजकूर सर्वांना धाडला की तो लगेच ओळखू येतो, आणि त्या लोकांचे आपसांत बोलणे होतच असते. पत्राचा मसुदा साधारण असा असावा : ‘गोदामाची प्रणाली पहिल्याच रात्री बंद पडली आणि आपण दोघे पहाटेपर्यंत बसलो होतो, ते अजून आठवते. बऱ्याच वर्षांनी लिहितो आहे. पुढच्या महिन्यात परिषदेसाठी तुमच्या शहरात येत आहे. मंगळवारी संध्याकाळी किंवा गुरुवारी सकाळी अर्धा तास भेटता येईल का? मी तुमच्या कार्यालयाजवळ येईन. आता मी स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करतो, त्याविषयीही बोलायला आवडेल. या दिवसांत जमणारे नसेल तर संकोच न करता कळवा.’

या मसुद्यात मौनाबद्दल ‘बऱ्याच वर्षांनी’ एवढाच उल्लेख आहे. लांबलचक क्षमायाचना केली की समजूत घालण्याचे ओझे वाचणाऱ्यावर पडते. व्यवसायाचा उल्लेखही मुद्दाम पत्रातच केला आहे. तो लपवून ठेवून भेटीच्या शेवटच्या पाच मिनिटांत काढला, तर ज्या शंकेची आपल्याला भीती वाटते ती खरी ठरते. ‘कधीतरी भेटू या’ असे मोघम लिहू नये, कारण त्याला तितकेच मोघम उत्तर येते.

वेळ ठरवताना ती त्या शहराच्या घड्याळानुसार लिहावी. युरोपातील बहुतेक देशांत मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलतात, तर अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. प्रवास त्या सुमारास असेल तर तासाभराचा घोळ हमखास होतो.

प्रत्यक्ष भेटीत थेट काम मागण्यापेक्षा, ‘अशा कामाची गरज सध्या कोणाला असते?’ असे विचारावे. त्यातून नावे निघतात आणि समोरच्यावर नकार देण्याची वेळ येत नाही. एखाद्याने तेथे असतानाच छोटेसे काम करून देण्यास सांगितले, तर व्हिसाच्या अटी तपासल्याशिवाय होकार देऊ नये, कारण बैठकांना हजर राहणे आणि मोबदला घेऊन काम करणे यांत बहुतेक देश फरक करतात. भेटीत पाठवण्याचे कबूल केलेले कागद परतीच्या प्रवासापूर्वीच पाठवावेत. ज्यांचे उत्तर आले नाही त्यांना पोहोचल्यावर दोन ओळींची आठवण एकदाच द्यावी. तरीही उत्तर आले नाही, तर परतल्यावर व्हिडिओ कॉलसाठी एखादा दिवस सुचवावा आणि तो विषय त्यांच्यावर सोडावा.