एक तृतीयांश की पन्नास टक्के?

सांगली

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेसाठी राज्यघटना तीनदा वाचून झाली, तरी सराव पेपरात गुण पडत नाहीत, असं तू लिहिलंस. पेपर काढणारा चुकीचा पर्याय हवेतून आणत नाही. शेजारच्या कलमातला खरा आकडा उचलतो आणि तिथे बसवतो. म्हणून चौथं वाचन नको. सारख्या दिसणाऱ्या गोष्टी समोरासमोर मांड.

वहीचं पान उभं दुमड. डावीकडे संसद, उजवीकडे आपलं विधिमंडळ. धनविधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक, राज्यसभा 14 दिवस ठेवू शकते, विधानपरिषदही 14च. साध्या विधेयकावर मात्र वाटा वेगळ्या होतात. दोन्ही सभागृहांचं जमलं नाही तर संसदेत कलम 108 नुसार संयुक्त बैठक होते. राज्यात ती सोयच नाही. परिषद विधेयक पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर करून पाठवलं तर आणखी एक महिना अडवू शकते, बस्स. ‘राज्यपाल संयुक्त बैठक बोलावतात’ असं दिसलं की काट मार.

आता सगळ्यात जास्त गुण घालवणारी जागा. घटना काय म्हणते आणि महाराष्ट्रात प्रत्यक्ष काय आहे, यात पोरं हमखास गोंधळतात. पंचायतीत महिलांना घटनेनुसार किमान एक तृतीयांश जागा. आपल्या राज्याच्या कायद्याने पन्नास टक्के. दोन्ही बरोबर, प्रश्न कुणाबद्दल आहे तेवढं बघायचं. विधानपरिषदेचंही तसंच. कलम 171 मध्ये अपूर्णांक आहेत: आमदारांकडून एक तृतीयांश, स्थानिक संस्थांकडून एक तृतीयांश, पदवीधर आणि शिक्षक प्रत्येकी एक द्वादशांश, उरलेले राज्यपालनियुक्त. आपल्या 78 जागा मात्र अनुक्रमे 30, 22, 7, 7 आणि 12 अशा आहेत. अपूर्णांकांवरून गणित करत बसलीस तर 26 येतील आणि फसशील.

74 वी घटनादुरुस्ती, म्हणजे शहरांच्या स्थानिक संस्थांची, पाठ करू नकोस, आपल्या सांगली जिल्ह्यावर लाव. कवठेमहांकाळला नगरपंचायत, तासगावला नगरपरिषद, सांगली-मिरज-कुपवाडला महानगरपालिका. या सगळ्यांच्या आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. आमदार-खासदारांच्या भारत निवडणूक आयोग, कलम 324. पंचायतीला उभं राहायला वय 21, विधानसभेला 25, परिषदेला 30.

घटनादुरुस्त्या शंभरावर आहेत, सगळ्यांच्या मागे लागू नकोस. 42 आणि 44 जोडीने कर: 1976 ला लोकसभेची मुदत सहा वर्षं झाली, 1978 ला पुन्हा पाच, त्याच 44 व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून कलम 300क मध्ये टाकला. मग 52 (पक्षांतरबंदी), 61 (मतदानाचं वय), 73 (पंचायती), 74 (नगरपालिका), 86 (शिक्षणाचा हक्क), 91 (मंत्रिमंडळाचा आकार). सध्या एवढ्या पुरतील.

शंभर प्रश्न, एक तास. चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. दोन पर्याय नक्की काटता आले तर उरलेल्यांतला एक ठोक. चारही अनोळखी असतील तर पुढे जा, वेळ महाग आहे. आणि ‘अयोग्य विधान’, ‘किमान’, ‘कमाल’ हे शब्द पेन्सिलने अधोरेखित केल्याशिवाय पर्यायांकडे बघूच नकोस.

चुकांची वेगळी वही कर. बरोबर उत्तर लिहून थांबू नकोस. निवडलेला चुकीचा पर्याय मुळात कोणत्या कलमातला होता, ते शोधून शेजारी लिही. रविवारी येताना तीच वही आण, गुणपत्रक नको.

तुझे,
सर