आधी दोन्ही कागद एका प्रमाणात काढ

चि.,
अनेक आशीर्वाद.

तू जमवलेले नकाशे दोन रात्री पाहत बसलो. शाळेच्या भिंतीवर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट. हे कितीदा पाहिलंय, तरी हात थांबलाच. तू विचारतेस, असे नकाशे स्वतः करायचे तर कोणतं सॉफ्टवेअर शिकू? क्यूजीआयएस शीक. फुकट मिळतं, दोन महिन्यांत हात बसेल. पण त्याआधी मेरी थार्प या अमेरिकी नकाशाकार बाईंचा समुद्रतळाचा नकाशा शोधून मोठा करून बघ.

थार्प 1948 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कामाला लागल्या. संशोधनाच्या जहाजांवर तेव्हा बायकांना मज्जाव होता. त्यांचे सहकारी भूशास्त्रज्ञ ब्रूस हीझन आणि इतर समुद्रावर जात, तळावरून प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागतो त्यावरून खोली मोजत, आणि आकड्यांचे गठ्ठे थार्प यांच्या टेबलावर येत. त्यांतून त्यांनी उत्तर अटलांटिकचे आडवे सहा छेद काढले, म्हणजे समुद्र आडवा कापला तर तळ कसा वर-खाली दिसेल त्याची चित्रं. समुद्राच्या मधोमध पर्वतरांग आहे, हे आधीच माहीत होतं. पण छेद एकाखाली एक लावले तेव्हा रांगेच्या माथ्यावर त्याच जागी पुन्हा पुन्हा एक खोल खाच दिसू लागली. ती खचदरी असेल, म्हणजे दोन्ही बाजू ताणल्या जाऊन मधला भाग खचल्याने झालेली दरी, तर तिथे समुद्राचा तळ फाटत होता! खंड सरकतात असं म्हणणं त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक भूशास्त्रज्ञांना पटत नसे. हीझन यांनी हा शोध ‘बायकी गप्पा’ म्हणून उडवून लावला. थार्प यांनी मात्र ती खाच खोडली नाही. मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच.

शेजारच्या टेबलावर हॉवर्ड फॉस्टर नावाचे एक कर्णबधिर चित्रकार भूकंपांची केंद्रं ठिपक्यांनी मांडत होते. बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेला समुद्राखालच्या तारा कुठे तुटण्याचा धोका आहे हे हवं होतं, एवढाच त्या कामाचा हेतू. दोन्ही नकाशांचं प्रमाण मात्र एकच ठेवलेलं. खाली दिवा असलेल्या टेबलावर कागद एकावर एक ठेवले, आणि भूकंपाचे ठिपके रांगेने त्या खाचेत जाऊन बसले. हीझन यांना मान्य करावं लागलं. पुढे जिथे खोलीची मापं तुटपुंजी होती, तिथे रांग कुठून जात असेल हे ठिपक्यांवरून कळू लागलं. जगभर पसरलेली ही रांग सुमारे 65,000 किलोमीटर लांब आहे, आणि तिचा एक फाटा आपल्या अरबी समुद्रातही आहे.

आणखी एक. खोलीच्या समोच्चरेषा, म्हणजे सारख्या खोलीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, अमेरिकी नौदलाने गुप्त ठरवल्या होत्या. म्हणून थार्प आणि हीझन यांनी पाणी आटवल्यावर तिरकस नजरेला तळ जसा दिसेल, तसा तो रेखाटला. 1957 चा तो नकाशा साध्या माणसालाही वाचता येतो. अडचण आली तरी काम सोडलं नाही, म्हणून ही रीत हाती लागली.

आता तुझं काम. जमवलेले नकाशे ठेवून दे. एका ट्रेसिंग पेपरवर तुझ्या गावच्या सगळ्या विहिरी मांड, मार्चअखेर कोरड्या पडणाऱ्या वेगळ्या रंगाने. दुसऱ्यावर ओढे, बांध आणि जिथे काळा खडक उघडा पडलाय त्या जागा. आकडे स्वतः फिरून घे, विहिरीची खोली दोर सोडून मोज. एखादी विहीर बाकीच्यांशी जुळत नसेल, तर चूक समजून पुसू नकोस, पुन्हा जाऊन बघ. दोन्ही कागदांचं प्रमाण एकच ठेव.

मे महिन्यात येशील तेव्हा ते घेऊन ये. काचेच्या टेबलाखालचा दिवा मी दुरुस्त करून ठेवतो.

तुझा,
काका