बंधाऱ्याचं नंतर, आधी ती ‘एफडी’ बघा

प्रश्न : सिन्नर तालुक्यात सहा एकर शेती आहे. कडेचा ओढा जानेवारीत कोरडा पडतो, पण दर पावसाळ्यात काठ खातो, यंदा दोन गुंठे गेले. जेसीबीवाला साडेचार लाखांत मातीचा बांध घालून देतो म्हणतो. पाणी साठलं की मासे सोडून वर्षाला दोन लाख सुटतील. बँकेत दर वर्षी लाखाची एफडी करतोय, तीन हप्ते झाले. दोन हप्ते सोनं तारण ठेवून भरले. एफडी मोडून बांध करू का? वय ४१, दोन मुलं.

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या कागदावर ‘मुदत ठेव’ हा शब्द कुठेही नाही. ती विमा पॉलिसी आहे. बारा वर्षं लाख-लाख भरायचे, विसाव्या वर्षी साधारण २२ लाख मिळायचे. परतावा सव्वाचार टक्क्यांच्या आसपास! आणि त्यासाठी तुम्ही नऊ टक्क्यांनी सोनं गहाण टाकलंय. पीककर्जाचं नवं-जुनं (जुनं फेडून नवं घेणं) करायला बँकेत गेलेल्या माणसाला टेबलाच्या पलीकडून हे ‘एफडी’ म्हणून गळ्यात मारतात, याची मला मनस्वी चीड आहे.

मोडायची म्हणाल, तर तीन लाखांचे हातात येतील एक लाख वीस हजार. त्याच कागदावरच्या तक्त्यात आकडा आहे. म्हणजे बांधाचं गणित इथेच कोसळलं. तरीही मोडाच. सव्वा लाख आणि पुढचे नऊ हप्ते पीपीएफ या सरकारी बचत योजनेच्या आजच्या ७.१ टक्क्यांनी वाढले, तर त्याच मुदतीला २६ लाखांच्या घरात जातात. त्यातून ५० लाखांच्या टर्म विम्याचा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) वर्षाला बारा-एक हजारांचा हप्ता वजा करा, तरी २२ लाख उरतात. आज तुमच्या डोक्यावर कर्ज आहे आणि विमा फक्त दहा लाखांचा. पीपीएफ मात्र नंतर. आलेले पैसे आधी सोनेतारणात भरा, नऊ टक्के वाचतात.

आता ओढा. महाराष्ट्रात ओढ्या-नाल्याचं पात्र सहसा सरकारचं असतं, काठ तुमचा असला तरी. परवानगीशिवाय आडवा बांध घातला आणि तो फुटून खालच्याचं पीक गेलं, तर भरपाई तुमच्या माथी. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो टिकत नाही. २०१९ साली चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसं गेली. ते मोठं होतं, पण माती तीच. तुमच्या जेसीबीवाल्याच्या अंदाजपत्रकात सांडवा (जादा पाणी बाहेर काढणारी वाट) नाही, काळ्या मातीचा गाभा नाही, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) नाही. नुसते मशीनचे तास आहेत.

तुमचं दुखणं काठ ढासळण्याचं आहे, साठवणीचं नाही. त्याला वरच्या अंगाला अनघड दगडी बांध, वळणावर जाळीत बांधलेले दगड आणि काठाला बांबू किंवा वाळा, एवढं पुष्कळदा पुरतं. ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात जा, अशी कामं रोजगार हमीतही बसतात. स्वतःचा खर्च पन्नास हजारांपुढे जाऊ देऊ नका. मासे विसरा. ओढा जानेवारीत कोरडा पडतो, हे तुम्हीच लिहिलंय.

चौथा हप्ता २५ तारखेला आहे. त्याआधी शाखेत जा आणि सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर मिळणारी, रक्कम लेखी मागा. ‘अजून दोन वर्षं थांबा, दुप्पट होईल’ असं कोणी म्हणालं, तर तेही लेखी मागा.