दीड वाजताचं दुखणं

"मॅडम, यांना डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं की मनाच्या?"

गोव्यात फोंड्याला माझ्या समुपदेशनाच्या खोलीत शिरता शिरता त्या बाईंनी विचारलं. नवरा बाहेर बाकावर बसला होता. वय एकोणचाळीस, गाड्यांना रंग मारण्याचं काम. तीन आठवडे झाले, रोज रात्री दीडच्या सुमाराला ते उठतात, डावा डोळा तळहाताने दाबून धरतात आणि बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, येरझाऱ्या घालतात. मध्येच खांबावर डोकं आपटतात. तासाभराने घामाने निथळत खाली बसतात, आणि सकाळी काहीच नाही. कामाला जातात, जेवतात, मुलीशी हसून बोलतात. "ढोंग म्हणावं तर डोळा लालभडक होतो, पाणी वाहतं. खरं म्हणावं तर सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग हे मनाचंच ना?"

हाच प्रश्न मला फोनवर, लग्नाच्या पंगतीत, बसच्या रांगेतही विचारला जातो. म्हणून या कुटुंबाच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, त्यांची गोष्ट सांगते.

त्या घरात आणखी एक भीती होती, ती दुसऱ्या भेटीत बाहेर आली. दुखणं घड्याळ लावल्यासारखं यायचं. सासूबाईंच्या मते वाटेवरच्या देवचाराचं, म्हणजे राखणदाराचं, काहीतरी द्यायचं राहिलं होतं. नारळ ठेवून झाला, देवळात कौल लावून झाला, दिष्ट काढून झाली. मी त्यावर काही बोलले नाही, आणि बोलायला हवं होतं असं आजही वाटत नाही. मुलगा डोकं आपटत असताना ती म्हातारी उठून मीठ-मिरच्या ओवाळत होती. त्या क्षणी त्या घरात दुसरं काही करण्यासारखं कुणाच्या हातात नव्हतं.

चूक माझ्याकडूनही होणार होती. पहिल्या दिवशी माझ्या वहीत मी लिहिलं, "झोपेतून दचकून जाग, घाम, येरझाऱ्या. पॅनिक अटॅक?" त्यांना आत बोलावलं आणि बोलता बोलता सहज विचारलं, "नाक वाहतं का हो तेव्हा?" ते म्हणाले, "वाहतं. पण डावंच." मी पेन खाली ठेवलं. पॅनिक अटॅक एकच नाकपुडी निवडत नाही. दुखणं डाव्या डोळ्यामागे, पाणी डाव्या डोळ्यातून, पापणी डावीच अर्धी मिटलेली, नाक डावंच चोंदलेलं. उजवी बाजू कोरडी ठणठणीत. वहीतला तो शब्द मी खोडला.

मी औषध लिहून देत नाही, निदानही करत नाही. पण कुणाला कुठल्या दारात पाठवायचं, हे कळणं माझ्या कामाचाच भाग आहे. क्लस्टर हेडेक या आजाराचं वर्णन वाचलेलं होतं, समोर माणूस पहिल्यांदाच पाहत होते.

आपल्याकडे अर्धं डोकं दुखलं की अर्धशिशी म्हणून मोकळं होतात. या शब्दामुळेच घोटाळा होतो. अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेनचा, माणूस खोलीत अंधार करून निपचित पडतो, हलवलं तरी त्याला नको होतं. क्लस्टरचा माणूस पडूच शकत नाही. तो उठतो, चालतो, डुलतो, भिंतीवर बुक्क्या मारतो. मायग्रेन कित्येक तास, कधी तीन दिवस चालतं. क्लस्टरचा झटका 15 मिनिटांपासून 3 तासांपर्यंत असतो, पण दिवसात एकदा येऊन गेला म्हणून सुटका नाही, कधी 8 वेळाही येतो. काजूची बोंडं जशी घोसाने लागतात तसे हे झटके काही आठवडे घोसाने येतात, आणि मग झाड रिकामं. पुन्हा पुढच्या मोसमाला. साधारण हजारात एकाला हा आजार होतो, बायकांपेक्षा पुरुषांना जास्त. इतका विरळ, म्हणून समोरचा डॉक्टरही आधी सायनस म्हणतो, नाहीतर दात म्हणतो.

यांचाही वरचा एक दात काढून झाला होता. दात चांगला होता, असं पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. तो प्रसंग सांगताना त्यांनी बोटाने गाल ओढून मला ती रिकामी जागा दाखवली. त्याचं त्यांना फार लागलं होतं.

बाईंनी एका साड्यांच्या दुकानाच्या जांभळ्या पिशवीतून सगळे कागद आणले होते. सायनसचे एक्स-रे, डोळ्यांच्या तपासण्या, प्रतिजैविकांच्या चिठ्ठ्या. मी ते टेबलावर पसरले. निकाल काय आहेत हे कुणीही वाचलं असतं, आम्ही फक्त तारखा लावल्या. मार्च. एप्रिल. एप्रिल. मार्च. दोन वर्षं कोरी, मग पुन्हा मार्च. पाच-सहा वर्षांच्या कागदांत जून ते जानेवारीची एकही चिठ्ठी नव्हती. बाई बराच वेळ त्या कागदांकडे बघत राहिल्या. "म्हणजे शिगम्याला येतं आणि मिरगाआधी जातं," त्या म्हणाल्या. घरात सगळे म्हणत होते की मुलीच्या दहावीच्या परीक्षेचं टेन्शन घेतलंय. पण पहिली चिठ्ठी होती तेव्हा मुलगी चौथीत होती.

ज्या ठरलेल्या वेळेची त्या घराला भीती वाटत होती, तीच वेळ या आजाराची सगळ्यात मोठी खूण आहे. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. झोपजागेचं, दिवसरात्रीचं घड्याळ तो चालवतो. 1998 मध्ये लंडनमध्ये संशोधकांनी झटका चालू असताना रुग्णांच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा नेमका तोच परिसर जागा झालेला दिसला. झोप लागल्यावर तास-दीड तासाने, ठरावीक ऋतूत, ठरावीक बाजूला दुखणं का येतं, याचं उत्तर त्या दिशेला आहे. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "आईला हे सांगाल?" सासूबाईंना मी सांगितलं, की मेंदूत एक घड्याळ असतं, त्याचा ठोका चुकतोय. त्यांना ते पटलं.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, न्यूरॉलॉजीच्या (मेंदूविकारांच्या) ओपीडीत जाण्याआधी मी त्यांच्याकडून एकच काम करून घेतलं. मुलीच्या जुन्या वहीत रकाने आखले: किती वाजता, किती मिनिटं, कुठली बाजू, आधीच्या दोन-तीन तासांत काय खाल्लं-प्यालं, कुठे होतो, झोपलो होतो का. आणि झटका चालू असताना मुलीने मोबाईलवर एक मिनिटाचा व्हिडिओ घ्यायचा. व्हिडिओला ते आधी तयार नव्हते, लाज वाटत होती. पण ओपीडीत माणूस ठणठणीत दिसतो, तिथे तो व्हिडिओ आणि ती वही यांनी काम केलं. डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआयही करून घेतला, कारण क्वचित पिट्युटरी ग्रंथीच्या आसपासच्या बिघाडानेही असंच दुखू शकतं. तसं काही नव्हतं.

वहीतून दहा-बारा दिवसांत तीन गोष्टी वर आल्या. पहिली हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू. याच मोसमात काजूची पहिली धार निघते, आणि संध्याकाळी मित्राकडे अर्धा ग्लास व्हायचा. ज्या दिवशी तो झाला त्या दिवशी अर्ध्या-पाऊण तासात झटका, रात्रीची वाटही बघायची नाही. त्यांना हे मान्य नव्हतं. "मॅडम, चवथीला, नाताळात पितोच की. तेव्हा काही होत नाही." बरोबर आहे, आणि हेच समजून घ्यायचं असतं. दारू झटका पेटवते, पण मोसम चालू असेल तेव्हाच. एरवी तिचा याच्याशी संबंध नसतो. म्हणून "दारू पितो म्हणून दुखतं" हा शेजाऱ्यांचा निवाडा चुकीचा, आणि "दारूचा काही संबंध नाही" हा त्यांचा हट्टही चुकीचा.

दुसरी गोष्ट थिनरचा वास. बंद शेडमध्ये स्प्रे मारला की दुपारी झटका. मालकाशी बोलून त्या दोन महिन्यांपुरतं त्यांनी पॉलिश आणि डेंटिंगचं काम घेतलं. तिसरी गोष्ट ऐकून गोव्याच्या माणसाला वाईट वाटेल: दुपारची झोप. जेवून तासभर आडवं झालं की झटका. एक ते चार दुकानं बंद ठेवणाऱ्या मुलखात हे पथ्य हुर्राकाहून कठीण गेलं. ते माझ्याशी खोटं बोलायचे, मुलगी वहीत खरं लिहायची.

ही कारणं टाळली म्हणून आजार जात नाही, हे मी प्रत्येकाला आधीच सांगते. नाहीतर पथ्य पाळूनही रात्री दीडला जाग आली की माणूस स्वतःलाच दोष देतो, आणि घरचे त्यात भर घालतात. पथ्याने वरचे झटके कमी होतात. मोसम आवरायला औषधच लागतं.

डॉक्टरांनी दोन वेगळी कामं वेगळी समजावली. एक, मोसम लवकर आवरण्याचं: थोड्या दिवसांचं स्टेरॉइड, आणि त्याच वेळी सुरू केलेलं वेरापामिल. वेरापामिल हे रक्तदाबाचं औषध, पण इथे त्याचा डोस बराच वर न्यावा लागतो आणि ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं. म्हणून सुरू करण्याआधी आणि डोस वाढवताना ईसीजी काढतात. शेजारच्याची गोळी आणून घेण्याचं हे औषध नव्हे. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जातीचं पपनसही बंद करायला सांगितलं, कारण त्याने औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधतात तेच फळ.

दुसरं काम चालू झटका थांबवण्याचं. पॅरासिटामॉल किंवा साध्या वेदनाशामक गोळ्या इथे उपयोगाच्या नाहीत. गोळी पोटातून चढेपर्यंत झटका आपल्या वाटेने निघूनही गेलेला असतो. सुमाट्रिप्टानचं कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन झटपट काम करतं, पण हृदयविकार असलेल्यांना ते चालत नाही. यांचा रक्तदाब ताब्यात नव्हता, सिगरेटही होती, म्हणून डॉक्टरांनी भर दिला प्राणवायूवर.

इथे एक अडचण आली, ती सविस्तर सांगते, कारण अनेक जण इथेच अडकतात. 2021 च्या कोविडच्या लाटेत आणलेलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर त्यांच्या चुलत भावाकडे होतं. ते आणून दोन रात्री लावलं, काही झालं नाही. "ऑक्सिजनही करून बघितला, मॅडम," म्हणत ते माझ्यासमोर बसले, आणि त्या दिवशी त्यांचा चेहरा पहिल्या दिवसापेक्षा वाईट होता. मी यंत्र किती लिटरचं ते विचारलं. 5 लिटरचं. या दुखण्याला लागतो मिनिटाला 12 ते 15 लिटर, शुद्ध, आणि तोही पिशवी असलेल्या नॉन-रिब्रीदर मास्कने, नाकातल्या नळीने नव्हे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात 12 लिटरच्या प्राणवायूने 15 मिनिटांत दुखणं थांबलं किंवा पुरेसं कमी झालं असे झटके 78 टक्के होते, साध्या हवेने 20 टक्के.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बी टाइपचा सिलिंडर भाड्याने मिळाला. तो साधारण 1500 लिटरचा असतो, म्हणजे 12 लिटरने दोन तास. वीस मिनिटांचा एक झटका धरला तर सहा झटके. रेग्युलेटर 15 लिटरपर्यंत जाणारा हवा, हे दुकानदाराला सांगून घ्यावं लागलं. सिलिंडर ठेवायचा कुठे, यावर मी अडून बसले. त्यांनी जागा निवडली होती ती देवघराशेजारी, आणि तिथे रात्रभर समई असते. प्राणवायूजवळ ज्योत नको, सिगरेट तर मुळीच नको. सिलिंडर मागच्या खोलीत गेला, भिंतीला दोरीने बांधला.

पहिल्या रात्रीचं बाईंनी मला जसं सांगितलं तसं लिहिते. एक चाळीसला ते उठले. खुर्चीत पुढे वाकून, कोपर गुडघ्यांवर टेकून बसले. मास्क घट्ट धरला. बाईंनी चावी फिरवली, मुलगी घड्याळ घेऊन समोर बसली. सासूबाई दारात. आठ मिनिटं काहीच नाही, पाय आपटत होते. अकराव्या मिनिटाला पाय थांबला. चौदाव्या मिनिटाला त्यांनी मास्क काढला आणि म्हणाले, "चहा कर." रात्री दोन वाजता चौघांनी चहा घेतला.

एक गोष्ट मी पहिल्याच आठवड्यात एकट्या त्यांना विचारली होती, स्पष्ट शब्दांत: "यापेक्षा मेलेलं बरं, असं मनात येतं का?" ते म्हणाले, "दुखत असताना येतं. थांबलं की लाज वाटते." असं विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणूस एकटा राहत नाही. दुखताना त्यांना एकटं ठेवायचं नाही, असं घरात ठरलं. त्यांच्या मोबाईलमध्ये टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मी स्वतः घातला. तो दिवसरात्र चालतो.

आता बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. हे दुखणं मनाने तयार केलेलं नाही. पण रोज रात्री वाट बघायला लावणारं दुखणं मनाला पोखरतंच. झोपायची भीती वाटायला लागते, बायकोवर ओरडणं होतं, मुलीसमोर आपटलेल्या डोक्याची शरम वाटते. आमच्या बैठका यासाठी होत्या. डोकेदुखी बरी करण्यासाठी त्या नव्हत्या, आणि तसा दावा कुणी समुपदेशक करत असेल तर तिथून उठून यावं. कधी नव्हे इतकं अचानक, क्षणात शिखर गाठणारं दुखणं आलं, सोबत ताप आणि मान ताठ, हातपाय लुळे, बोलणं अडखळणं असं काही झालं, तर वही-बिही काही नको, सरळ 108.

त्या वर्षी मोसम सात आठवडे चालला. शेवटच्या दोन आठवड्यांत आठवड्याला एखादाच झटका आला. वेरापामिल डॉक्टरांनी पुढे हळूहळू कमी करत थांबवलं. पुढच्या वर्षी पहिला झटका आला की त्याच दिवशी ओपीडी गाठायची, असं वहीच्या पुठ्ठ्यावर मुलीने लिहून ठेवलंय.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंचा फोन आला. सकाळपासून पाऊस लागला होता, गॅरेज बंद होतं, आणि ते जेवून झोपले होते, कितीतरी दिवसांनी दुपारचे. "उठवलं नाही ना तुम्ही?" मी विचारलं.

"नाही. दोन तास झाले. मी इथेच बसलेय, वही घेऊन."