पशुवैद्यांना विचारा : लसीचे कार्ड आणि श्वानमेळावा

प्रश्न : आमच्याकडे तीन वर्षांची लॅब्राडोर कुत्री आहे. तिचे सर्व डोस वेळच्या वेळी झाले असून गेल्या जूनमध्ये बूस्टरही दिला आहे. डिसेंबरअखेर आमच्या भागात श्वानमेळावा भरणार असून आयोजकांनी प्रवेशासाठी लसीकरणाचे कार्ड बंधनकारक केले आहे. सगळीच कुत्री लस घेतलेली असतील तर भीती कसली, असे घरच्यांचे म्हणणे आहे. शिवाय महिन्यापूर्वी आणलेले अडीच महिन्यांचे पिल्लूही घरात आहे. त्याचे दोन डोस झाले आहेत आणि त्यालाही न्यावे असा मुलांचा हट्ट आहे. काय करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कुत्रीला जरूर न्या, पिल्लाला मात्र नेऊ नका. मुले रुसतील, पण या बाबतीत त्यांचे ऐकू नये.

घरच्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. डिस्टेंपर, पार्व्हो आणि विषाणूजन्य हिपॅटायटिस या तीन जीवघेण्या रोगांवरच्या लसी अतिशय भरवशाच्या आहेत. पिल्लूपणातले डोस नीट पूर्ण झालेल्या मोठ्या कुत्र्याला त्यांपासून किमान तीन वर्षे उत्तम संरक्षण मिळते. लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात सांभाळली गेली नसेल, किंवा एखाद्या कुत्र्याच्या शरीराने तिला प्रतिसादच दिला नसेल, तर ती निष्फळ ठरू शकते. पण असे क्वचित घडते. तेव्हा या तीन रोगांपुरती तुमच्या कुत्रीची काळजी नको.

अडचण अशी की कार्डावरच्या सगळ्याच लसी या तोलामोलाच्या नसतात. मेळाव्यातून सर्वांत जास्त वेळा घरी येणारा रोग म्हणजे केनेल कफ, आणि त्याच्याबाबत लसीची ताकद मर्यादित आहे. तो एकाच जंतूमुळे होत नाही. बोर्डेटेला नावाचा जिवाणू, पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू आणि आणखी काही जंतू एकेकटे किंवा मिळून श्वासनलिकेला सूज आणतात. नेहमीच्या सात किंवा नऊ रोगांच्या लसीत पॅराइन्फ्लुएन्झाचा समावेश असतो, बोर्डेटेलाचा सहसा नसतो. त्यासाठी वेगळी लस घ्यावी लागते. ती घेतली तरी आजार सौम्य होतो, लागणारच नाही अशी हमी मिळत नाही. कुत्री नाकाला नाक लावून ओळख करून घेतात, एकमेकांच्या तोंडावर भुंकतात, त्यामुळे एक खोकणारा कुत्रा अख्ख्या मांडवाला पुरतो. आजारातून उठलेला, वरवर ठणठणीत दिसणारा कुत्राही पुढे कित्येक आठवडे बोर्डेटेला पसरवत राहू शकतो, आणि त्याच्या कार्डावर यातले काहीच लिहिलेले नसते.

दवाखान्यात असा कुत्रा येतो तेव्हा मालक बहुधा एकच वाक्य बोलतात : ‘डॉक्टर, याच्या घशात हाड अडकलंय.’ कुत्रा मान ताणून कोरडा, घोगरा खोकतो, शेवटी ओकारी काढल्यासारखे करतो आणि थोडासा पांढरा फेस टाकतो. जबड्यात टॉर्च मारून पाहिले तर हाड वगैरे काही नसते. गळ्यापाशी श्वासनलिका दोन बोटांनी हलकेच दाबली की तोच खोकला पुन्हा उसळतो. मग मी विचारतो, ‘गेल्या पंधरवड्यात कुठे नेलं होतं का?’ आणि उत्तरात मेळावा, बोर्डिंग किंवा ग्रूमिंगचे दुकान, यांपैकी काहीतरी निघतेच.

लस घेतलेल्या कुत्र्यांनाही साथ कशी गाठते, याचे 2015 सालचे शिकागोचे उदाहरण बोलके आहे. तेथे श्वान-इन्फ्लुएन्झाच्या साथीत हजाराहून अधिक कुत्री आजारी पडली. त्या वेळी अमेरिकेत मिळणारी लस एच-3-एन-8 या प्रकारावर होती आणि साथ निघाली एच-3-एन-2 या निराळ्या प्रकाराची. लेप्टोस्पायरोसिसच्या लसीचेही काहीसे असेच आहे : या जिवाणूच्या अनेक उपजाती आहेत, लसीत त्यांतल्या मोजक्याच असतात, आणि संरक्षण सुमारे वर्षभरच टिकते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो पसरत असल्याने डिसेंबरच्या कोरड्या मैदानावर त्याची धास्ती कमी. पावसाळ्यात चिखलात भरवलेल्या मेळाव्याला मात्र मी माझा कुत्रा नेणार नाही. गोचिडांतून होणाऱ्या एर्लिकिया आणि बबेसियाच्या तापावर आपल्याकडे लसच नाही. म्हणून निघण्यापूर्वी गोचीडनाशक औषध लावून घ्या आणि परतल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत व शेपटीच्या मुळाशी हात फिरवून पाहा.

आता पिल्लाविषयी, कारण खरा धोका त्याला आहे. गाईच्या चिकाचा आपण खरवस करून खातो. कुत्रीच्या चिकातून मात्र पिल्लाला आईची तयार प्रतिपिंडे मिळतात आणि पहिले काही आठवडे तीच त्याला वाचवतात. पण हीच प्रतिपिंडे लसीतला विषाणूही निकामी करतात. ती हळूहळू कमी होत जातात, तेव्हा अशी एक वेळ येते की रोगाला अडवण्याइतकी ती उरलेली नसतात आणि लसीला अडवण्याइतकी मात्र उरलेली असतात. ही वेळ कोणत्या पिल्लाची नेमकी कधी येईल हे बाहेरून कळत नाही, म्हणूनच डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. शेवटचा डोस 16 आठवडे पूर्ण झाल्यावर द्यावा, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. आपल्याकडे बारा आठवड्यांना ‘कोर्स संपला’ असे समजणारे पुष्कळ आहेत. तुमच्या अडीच महिन्यांच्या पिल्लाचे दोन डोस झाले असले तरी ते सुरक्षित झाले आहे असे मानता येणार नाही.

पिल्लाला घरी ठेवले म्हणजे काम संपले, असेही नाही. पार्व्होचा विषाणू 1978 मध्ये प्रथम ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला, तो बऱ्याच अंशी त्याच्या चिवटपणामुळे. डिस्टेंपरचा विषाणू उन्हात, साबणात लवकर मरतो. पार्व्होचा विषाणू सावलीच्या मातीत कित्येक महिने, वेळप्रसंगी वर्षभर तग धरतो आणि फिनेलला दाद देत नाही. तुमच्या कुत्रीला तो काही करणार नाही, पण तिच्या पंजांना, केसांना आणि तुमच्या चपलांच्या तळव्यांना चिकटून पिल्लापर्यंत पोचू शकतो. तेव्हा परतल्यावर चपला दाराबाहेर काढा, कुत्रीचे पाय व पोट साबणाने धुवा आणि कपडे बदलल्याशिवाय पिल्लाला उचलू नका. फरशीसाठी घरगुती ब्लीच एका भागाला तीस भाग पाणी या प्रमाणात घ्या. आधी घाण पुसून काढा आणि मग ते दहा मिनिटे ओले राहू द्या, कारण विष्ठा किंवा माती तशीच असेल तर ब्लीच वाया जाते. केनेल कफची लक्षणे साधारणपणे दोन ते चौदा दिवसांत दिसतात, म्हणून दोन आठवडे दोघांना वेगळे ठेवता आले तर उत्तम. घर लहान असेल तर निदान पाण्याची भांडी तरी वेगळी ठेवा.

भांड्यांवरून आठवले. मेळाव्यात मांडवाच्या कोपऱ्यात पाण्याने भरलेला एक निळा टब ठेवलेला असतो. दुपारपर्यंत त्यात तीस-चाळीस कुत्री तोंड घालून गेलेली असतात आणि पाण्यावर लाळेचे तार तरंगत असतात. हेतू चांगला असतो यात शंका नाही, परंतु मी आयोजक असतो तर तो टब आधी उचलला असता. घरून बाटली आणि वाटी न्या.

बोर्डेटेलाची लस द्यायची असेल तर मेळाव्याच्या आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही. किमान दोन आठवडे आधी आपल्या पशुवैद्यांना भेटा.

प्रश्न : मेळाव्याहून आल्यापासून पाचव्या दिवशी आमचा बीगल खोकू लागला आहे. जेवतो, खेळतो. घरातले खोकल्याचे औषध द्यावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : देऊ नका. माणसांच्या खोकल्याच्या व तापाच्या औषधांतील काही घटक, विशेषतः पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. खातो-पितो आहे आणि ताप नाही, तर हा खोकला बहुधा एक ते तीन आठवड्यांत आपोआप शमेल. तोवर गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस वापरा, पळवू नका आणि इतर कुत्र्यांपासून दूर ठेवा. लिफ्टमध्ये भेटणारा शेजारचा पामेरियनही त्यात आला. मात्र नाकाडोळ्यांतून घट्ट पिवळा स्राव येऊ लागला, तो जेवण टाकू लागला किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी तपासून घ्या. तपासायला नेताना आधी फोन करून खोकल्याची कल्पना द्या. म्हणजे दवाखान्यात लसीसाठी आलेल्या पिल्लांच्या रांगेत त्याला बसवावे लागणार नाही.