जंगल आणि पक्ष्यांवर लिहिणारे वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांना प्रत्यक्ष भेटलेलं इथे कुणी आहे का? माणूस म्हणून ते कसे होते?

हो, मी भेटलोय. निवृत्तीनंतर ते नागपूरला राहत होते, तेव्हाची गोष्ट. मी कॉलेजात होतो. आमचं गाव नवेगावबांधच्या अंगाचं. गोंदिया जिल्हा अजून वेगळा झाला नव्हता, आम्ही भंडारा जिल्ह्यातलेच. नवेगावचा तलाव, तिथले पक्षी आणि माणसं त्यांनी लिहून मराठी घराघरांत नेली, म्हणून आमच्याकडे त्यांच्याबद्दल घरच्या माणसासारखी माया. ओळखीच्या एका वनरक्षकानं पत्ता दिला आणि मी जाऊन धडकलो.

सोबत सुगरणीचं घरटं नेलं होतं. वादळात शिंदीवरून पडलेलं, अर्धवट विणलेलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरून खिडकीशी नेलं आणि आतल्या बाजूला चिकटलेले चिखलाचे वाळके गोळे मला दाखवले. नर घरटं अर्ध्यावर आणून थांबतो, मादी येऊन पाहते, तिला पसंत पडलं तरच खालची लांब नळी विणली जाते. नाहीतर ते तसंच लोंबत राहतं, हे इतक्या सावकाश सांगितलं की समोर नर-मादी दिसायला लागले. आवाज अगदी हळू. ऐकायला पुढे सरकून बसावं लागे.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. झाड विहिरीवरचं की बांधावरचं? घरटी झाडाच्या कोणत्या अंगाला होती? मी सांगितलं, उगवतीच्या. आमचे आजोबा म्हणतात, पावसाळी वारा मावळतीकडून येतो, म्हणून सुगरण उगवतीची बाजू धरते. हे ऐकलं आणि त्यांनी वही ओढली. आजोबांचं नाव काय, गाव कोणतं, शेती करतात की मासेमारी, त्यांना हे कुणी सांगितलं, सगळं विचारून घेतलं आणि आजोबांचं नाव पूर्ण लिहिलं. (नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या आडोशाला, म्हणजे झाडाच्या पूर्वेला सुगरणीची बरीचशी घरटी असतात, हे पक्षी अभ्यासकांनीही नोंदवलंय. ते मी पुढे वाचलं.) घरट्याचं कौतुक करून त्यांनी मला वाटेला लावलं असतं तरी मी खूष झालो असतो. पण त्यांना माझ्यापेक्षा माझ्या आजोबांची माहिती हवी होती.

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच: ज्याच्याकडून कळलं त्याचं नाव सोडायचं नाही, असा हा माणूस होता. मातृभाषा तेलुगू, जन्म सोलापूरचा १९३२ चा, वनशास्त्राचं शिक्षण कोइमतूरला, आणि वनखात्यात साहेब. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक असताना १९९० मध्ये निवृत्त झाले. त्या काळात जंगलातल्या माणसाला साहेबासमोर उभं राहायचीही भीती वाटे. यांनी मात्र गोंड, कोरकू, ढिवर मंडळींकडे विद्यार्थ्यासारखं बसून शिकून घेतलं आणि लिहिताना ते उघडपणे सांगितलं. नवेगावचं रान जाणणाऱ्या तिथल्याच माधवराव पाटील डोंगरवारांबद्दल त्यांनी किती आदरानं लिहिलंय ते वाचून पाहा. ज्ञान गावाचं आणि नाव साहेबाचं, हे आजही सर्रास चालतं, म्हणून मला याचं मोल फार वाटतं.

नंतर त्यांना पाहिलं ते २००६ मध्ये, सोलापूरच्या साहित्य संमेलनात. ते अध्यक्ष होते. गर्दीत भेट झाली नाही. पण उभी हयात रानात काढलेला माणूस त्या खुर्चीवर बसलेला पाहून आम्हा विदर्भातल्या पोरांची छाती फुगली होती.

जानेवारी २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि १८ जूनला सोलापुरात ते गेले. सन्मान त्यांच्या डोळ्यांदेखत झाला याचं समाधान आहे. पण तो पंधरा-वीस वर्षं आधी व्हायला हवा होता, हे मी ठामपणे म्हणेन. आजोबा त्यांच्या कितीतरी आधी गेले. साहेबांनी आपलं नाव लिहून घेतलं, हे ते अखेरपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मी आता शिक्षक आहे. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात मुलांना तलावावर नेतो तेव्हा गावातला एखादा जुना मासेमार सोबत घेतो. बदकं येऊ लागलेली असतात. कोणतं बदक कुठे उतरतं, कशावर चरतं, हे तो सांगतो, मुलं लिहून घेतात. वहीत तारखेच्या खाली सांगणाऱ्याचं नाव आणि गाव लिहायचं, ही माझी एकच अट असते. तुमच्या गावाजवळ तळं असेल तर या नोव्हेंबरात करून पाहा, आणि मुलांनी काय काय लिहिलं ते इथे जरूर कळवा.